निघालाय, वाटेत आहे

रोहिदास,

शाळेतल्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी दहाएक मिनिटं बोललो. तू अनवाणी कसा खेळायचास, मालदीवला कसा गेलास, तिथल्या लोकांनी तुला कसं डोक्यावर घेतलं, सगळं सांगितलं. तुझी बायको सविता पुढे बसली होती, पदराचं टोक तोंडाशी धरून. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. मी खाली बसलो आणि माझ्या मनात आलं, यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, तरी तू इथे असतास तर मान खाली घालून बुटाच्या नाड्या सोडत-बांधत राहिला असतास. कुणी अर्धं बोलून थांबलं की तू त्याच्याकडे बघायचा नाहीस.

उरलेलं अर्धं आता लिहितो. तुझ्यापर्यंत ते पोचणार नाही, एवढं मला कळतं. पण कुणीतरी मला सांगितलंय, की तुलाच सांगा. कुणी, ते पुढे येईल.

मी कामठीचा. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायापुढे बॉल येतो. मी मात्र जिल्ह्याच्या टीमपुढे गेलो नाही. दम होता, पायात कला नव्हती, हे मला विसाव्या वर्षीच कळलं होतं. नोकरी लागली ती सेनगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेत. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आपण परभणीचे होतो. फुटबॉल इथे कुणी पाहिला नव्हता. मी नागपूरहून दोन बॉल आणले, तर पोरं आधी ते हातानेच उचलून पळाली.

दिवाळीनंतर तांडे ऊसतोडीला निघून जायचे आणि तुमच्यासारखी पोरं सुट्टीतही शाळेतच राहायची. त्या रिकाम्या सुट्ट्यांत तू खेळायला लागलास. मी तुला घडवलं, असं मी सगळीकडे सांगत आलो. खरं तर मी तुला फक्त उजवा पाय शिकवला. डावा तू घरूनच घेऊन आला होतास.

तू दहावी झाल्यावर तुला कामठीला माझ्या भावाकडे पाठवायचं मी ठरवलं. तुझे वडील, सोमलाभाऊ, साखऱ्याकडच्या तुमच्या तांड्यावरून चालत शाळेत आले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. खुर्ची दिली तर घेतली नाही.

"मास्तर, बॉल खेळून पोट भरतंय व्हय?"

मी म्हटलं, "भरते, भाऊ. कंपन्यांच्या टीम असतात. नोकरी देतात."

"लांब हाय का?"

"दिवसभराची वाट आहे."

त्यांनी मैदानाकडे बघितलं. मग म्हणाले, "आमचा आजा बैलावर मीठ लादून मुलूख पालथा घालायचा. वर्स वर्स घरला येत नव्हता. पोरगं गेलं तर काय नवल न्हाई. फकस्त बलवलं तर यावं त्यानं. येळंला यावं."

"येईल," मी म्हणालो. "ती जबाबदारी माझी."

हे तुला ठाऊक नव्हतं. तू तेव्हा मैदानावर होतास.

पुढचं तुझं तुला माहीत. कामठी, नागपूर, मग मुंबईत कंपनीच्या टीममध्ये तीन वर्षं. तिथल्या एका प्रशिक्षकाला मालदीवच्या क्लबाने बोलावलं आणि जाताना तो तुला सोबत घेऊन गेला. सेनगावच्या बसस्टँडवर मी नकाशा उघडून सोमलाभाऊंना दाखवला. निळ्या रंगात मोहरीएवढे ठिपके होते. त्यांनी बोट ठेवलं तर सगळाच देश बोटाखाली गेला. "हे एवढंच?" ते म्हणाले.

तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून तुझा फोन शुक्रवारी पाच वाजता यायचा, बसस्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर. तुझं पहिलं वाक्य मला आठवतं. "सर, इथं जमीन लवकर संपून राहिली." तासाभरात गावाला फेरी मारून होते म्हणालास. सकाळीसुद्धा मासळी, नारळात कालवून. लोक चांगले आहेत. गोल मारला की रस्त्यातली माणसं हात धरून चहाला नेतात. ज्वारीची भाकर मात्र स्वप्नात येते.

सोमलाभाऊ फोनसाठी धुतलेलं धोतर नेसून यायचे. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायचे. तू काय बोलायचास ते मला ऐकू येत नसे. ते चार-पाच मिनिटं "व्हय, व्हय" म्हणायचे आणि रिसीव्हर माझ्याकडे द्यायचे. परतीच्या जीपमध्ये बसल्यावर एकच वाक्य. "आवाज चांगला हाय पोराचा." चार वर्षं, जवळजवळ दर शुक्रवारी, मी हेच वाक्य ऐकलं आणि मला त्याचा कंटाळा आला नाही.

चौथ्या वर्षी, सोयाबीन काढणीला आलं असताना त्यांना कावीळ झाली. आधी तांड्यावरचं औषध झालं. डोळे हळदीसारखे दिसायला लागले तेव्हा मी आणि तुझी आई त्यांना हिंगोलीला घेऊन गेलो. गुरुवारी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मुलगा बाहेर असेल तर बोलावून घ्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी हिंगोलीहून सेनगावला आलो, बूथवर बसलो. सांगायचं ठरवूनच आलो होतो, हे खरं आहे. फोन वाजला आणि मी तोंड उघडायच्या आत तूच बोलायला लागलास. "सर, फायनलला गेलो आमी. पुढच्या शुक्रवारी मॅच हाय. मलेशियाच्या क्लबाचा मानूस बघायला येऊन राहिला. प्रशिक्षक म्हनले, तुझ्यासाठीच."

मी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

"बा कुठं हाय?"

"शेतात," मी म्हणालो. "सोयाबीनची काढणी चालू आहे. त्यांना जमलं नाही यायला."

"बरं. त्याला म्हनावं, जिंकूनच फोन करतो."

मी रिसीव्हर ठेवला. त्या वेळी मी स्वतःची समजूत घातली, की डॉक्टरांचा अंदाज आठेक दिवसांनी चुकू शकतो. तुझ्या भल्याचंच करतोय, असंही म्हटलं. पण रोहिदास, खरं कारण ते नव्हतं. त्या मलेशियाच्या माणसाने तुला बघावं, हे मला पाहिजे होतं. मला. मी जिथे थांबलो होतो तिथून तुझे पाय पुढे चालले होते, आणि ते थांबलेले मला बघवत नव्हते. तुझ्या बापाला तू हवा होतास आणि मला तुझी मॅच हवी होती. निवड माझ्या हातात होती आणि मी ती केली.

आता जे सांगतो ते मी तुला कधीच सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी मी खाटेजवळ गेलो तर सोमलाभाऊ शुद्धीवर होते. "मास्तर, पोराला निरोप धाडला का?"

"धाडला."

"निघाला का?"

तुझी आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. "निघालाय, भाऊ," मी म्हणालो. "वाटेत आहे."

एकदा तुला वाटेला लावलं म्हटल्यावर तुला चालवत ठेवणं भाग होतं. रविवारी विचारलं तर सांगितलं, विमानातून उतरला, आता रेल्वेत आहे. सोमवारी सांगितलं, नागपूर जवळ आलं असेल. ते बोटांवर दिवस मोजायचे. तुझी आई त्यांना म्हणायची, डोळे मिटा जरा, आला की उठवते. ते मिटायचे नाहीत. मंगळवारी दुपारपासून दाराकडे तोंड करून पडून राहिले. बुधवारी उजाडल्यावर गेले.

अग्नी तुझ्या चुलतभावाने दिला. तुझ्या आईला मी सांगितलं, निरोप उशिरा पोचला, गाडी चुकली. ती काही बोलली नाही. मी समजलो, तिला पटलं.

बुधवारी, गुरुवारी तुला कळवता आलं असतं. मी नाही कळवलं. आता मॅच होऊनच जाऊ दे, असा विचार केला. इतका मी पुढे गेलो होतो.

शुक्रवारी फोन आला. "सर, जिंकलो." मागे ढोल वाजत होते. मी तुला बोलू दिलं. तू पासष्टाव्या मिनिटाचा गोल सांगितलास, कुणाच्या पासवर, कुठल्या कोपऱ्यात. मग मी सांगितलं.

ढोल वाजतच राहिले. तू विचारलंस, "कवा?"

"बुधवारी."

"आज शुक्रवार हाय, सर."

आणि फोन ठेवलास. मलेशियाचा तो माणूस आलाच नव्हता, हे मला फार पुढे कळलं.

तू दहाव्याला पोचलास. तांड्यावर माझ्या शेजारून गेलास, माझ्याकडे न बघता. तेराव्यानंतर परत गेलास आणि त्यानंतर दोन वर्षं तुझा शब्द नाही. मी काही दिवस शुक्रवारी पाचला बूथवर जाऊन बसत होतो. बूथवाला म्हणाला, "सर, आला तर मी निरोप ठेवतो, तुम्ही कशाला त्रास घेता?" मग मी जायचं सोडलं.

तुझा गुडघा गेला हे पेपरात आलं नाही. तुमच्या तांड्यावरच्या एकाने सांगितलं, रोहिदासचं मुंबईला ऑपरेशन आहे म्हणून. न विचारता, न कळवता मी निघालो. वॉर्डाच्या बाहेर तासभर उभा राहिलो. आत गेलो तर तुझा पाय वर टांगलेला. तू माझ्याकडे बघितलंस. मी काहीतरी बोलायची जुळवाजुळव करत होतो.

तू म्हणालास, "सर, जेवलात का?"

आयुष्यात इतक्या सहज मला कुणी सोडलं नाही. मला वाटलं, संपलं. दोन वर्षांचा अबोला होता, फिटला. पोरगा मोठ्या मनाचा आहे. मी तुझ्याच ताटातली पोळी खाल्ली आणि मनातून हलका होऊन परत आलो. त्या हलकेपणाची आज मला लाज वाटते.

खेळ संपला तो तिथेच. तू तिशीही गाठली नव्हतीस. परत आलास, लग्न केलंस, बापाची जमीन करायला लागलास आणि आपल्याच आश्रमशाळेत तासावर मुलांना शिकवायला यायचास. लंगडत पळायचास, पण डावा पाय तसाच होता. मुलांना समुद्राच्या गोष्टी सांगायचास. एक पोरगं म्हणालं, "सर, येवढं पाणी हाय तर मग तिथं कापूस किती होत असंल?" तू इतका हसलास की खाली बसलास. तुला असं हसताना बघून मला बरं वाटायचं. दर रविवारी सकाळी मैदान, मग माझ्या क्वार्टरवर चहा. सात वर्षं. माझ्या मुलांनीही मला इतके रविवार दिले नाहीत.

त्यातलाच एक रविवार. हापशावर आपण पाय धूत होतो. मी हापसत होतो, तू पायांवरून हात फिरवत होतास. तू वर न बघता विचारलंस, "सर, बा शेवटी काही बोलला का?"

माझा हात थांबला नाही. "नाही रे," मी म्हणालो. "शुद्ध नव्हती त्यांना."

"बरं," तू म्हणालास. पाय पुसलेस. मग म्हणालास, "चला, चहा घेऊ."

खोटं बोलायचं त्या दिवशी तसं कारण नव्हतं. भीती होती. ते काय बोलले हे सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की तू वाटेत आहेस असं मी त्यांना चार दिवस सांगत होतो. आजार लपवला हे तुला माहीत होतं. पण मरणाऱ्या माणसाला मी खोट्या गाडीची वाट बघायला लावली, हे कळल्यावर तू रविवारी येशील का? मला ते रविवार गमवायचे नव्हते. परत एकदा मी माझ्यापुरतंच बघितलं.

आपलं एक भांडण राहून गेलं. जिल्ह्याच्या सेमीफायनलच्या आदल्या दिवशी आपला गोलकीपर घरी निघून गेला. आजी आजारी होती त्याची. आपण पाच गोलांनी हरलो. मी तुला सगळ्यांदेखत बोललो. "काहून सोडलं बे त्याला? एक दिवस थांबला असता तर आजी काय मरत होती?"

तू म्हणालास, "घरी जायचं म्हणला. गेला."

"अशाने टीम होत नाही, रोहिदास."

"न्हाई झाली तर न्हाई झाली, सर."

त्यानंतर तू दोन रविवार आला नाहीस. तिसऱ्याला आलास तेव्हा मी विषय काढला नाही, तूही नाही. मला तू हट्टी वाटलास. म्हटलं, याला जिंकायची भूकच उरली नाही. काय आंधळा होतो मी.

मागच्या महिन्यात सेनगावहून येताना जीप उलटली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा पांढरी चादर ओढून झाली होती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, सरांना पुढे येऊ द्या, त्यांचा लेकच होता. लोकांनी वाट करून दिली. मी पुढे गेलो.

तेरवीनंतर चौथ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. तुझी आई, तुमच्या बोलीतली याडी, अंगणात तूर निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, याडी, मला एक सांगायचं आहे. आणि सगळं सांगितलं. शुक्रवारचा फोन, मलेशियाचा माणूस, विमान, रेल्वे, सगळं. तिचे हात चालूच होते.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पोरगा आला तवापासून. तो म्हनला, मला शुक्रवारी कळलं. मंग शनवारी तो निघालाय म्हनून कोन सांगून राहिलं व्हतं? येवढं कळाया शाळा लागती व्हय, मास्तर?"

मी विचारलं, "रोहिदासला माहीत होतं?"

"मीच सांगितलं त्याला. त्याच दिशी."

म्हणजे मुंबईला मला जेवलात का विचारलंस तेव्हा तुला माहीत होतं. हापशावर विचारलंस तेव्हा माहीत होतं. सगळे रविवार तुला माहीत होतं, आणि माझ्या हातचा चहा पीत होतास.

"मग तो माझ्याकडे परत यायला काहून लागला, याडी?"

"मीबी इचारलं त्याला. म्हनला, दवाखान्यात पडलो व्हतो तवा कुनी येतंय का बघत व्हतो. मास्तरच आले." तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "बुधवारी मी पानी आनाया गेले व्हते. आले तवर त्याचा बा गेलेला. शेवटाला जवळ तुमीच व्हता. पोरगा म्हनायचा, बा काय बोलला ते मास्तरलाच ठावं हाय. म्या म्हनलं, मंग इचार ना. तो म्हनला, इचारलं एकदा. सांगतील कवातरी. घाई न्हाई."

 मग मी तिला ते शब्द सांगितले, जसे ऐकले होते तसे. तिचे हात थांबले. तिने सूप खाली ठेवलं, तोंडावर पदर घेतला आणि रडली. मुलासाठी रडली की नवऱ्यासाठी, मला कळलं नाही. मग पदर काढून म्हणाली, "मला काहून सांगता? त्याला सांगा."

"आता कसं सांगू?"

"ते तुमचं तुमी बघा. निरोप त्याचा हाय."

म्हणून हे लिहितो आहे. तू मला वेळ दिलास, रोहिदास, आणि मी तो वापरला नाही. तू रागावला असतास, शिव्या दिल्या असत्यास, रविवार बंद केले असतेस, तरी एवढे शब्द तुझ्यापाशी राहिले असते. नऊ वर्षं तू ते बापाचं ओझं उचलून फिरलास, आणि ते उतरवणारे शब्द माझ्या तोंडात होते.

तर ऐक. बुधवारची सकाळ होती. याडी पाणी आणायला बाहेर गेली होती. सोमलाभाऊंनी दारावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते. ते म्हणाले, "मास्तर, तो निघालाय ते ठावं हाय मला. पोरगं वाटेत हाय. न्हाई पोचला येळंला, तर म्हनावं, मनाला लावून घेऊ नको. बानं वाट बघितली, पन रागानं न्हाई बघितली. येवढं सांगा त्याला."

मी त्यांचा हात धरून म्हणालो, "सांगतो, भाऊ."